माझ्या जन्मसालाची कॅसेट

“आत्या, तुझं साल कोणतं गं?” भाचीनं फोनवर विचारलं तेव्हा मला आधी वाटलं, ही पोरगी माझं वय काढतेय. खरं म्हणजे साल सांगायची मला कधीच अडचण वाटली नाही. महाराष्ट्र राज्याचं आणि माझं साल एकच, १९६०. राज्य मे महिन्यातलं, मी नोव्हेंबरातली. म्हणजे राज्य माझ्याहून सहा महिन्यांनी थोरलं. डोंबिवलीच्या आमच्या शाळेत १ मेच्या झेंडावंदनाला बाई मला पुढं उभं करून सांगायच्या, “ही आपल्या राज्याएवढी!” मग निकालपत्रक कसंही असलं तरी त्या दिवशी मी ताठ मानेनं घरी यायची. राज्याला साठ वर्षं पूर्ण झाली ती २०२० च्या टाळेबंदीत. राज्याचा हीरकमहोत्सव घरातल्या घरात झाला आणि माझी साठीशांतही चार माणसांत उरकली.

भाचीचा बेत वेगळाच होता. गेल्या नोव्हेंबरात मला पासष्ट पूर्ण व्हायची होती. साडी नको, घड्याळ नको, तर माझ्या जन्मसालातली गाणी निवडून त्यांची एक माळ करून द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. घरातल्या प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला ज्याच्या त्याच्या सालाची गाणी. “दहा मिनिटांचं काम आहे आत्या. फोनमध्ये साल टाकलं की गाणी समोर येतात.” मी म्हटलं, “दहा मिनिटांचं असेल तर तू करू नकोस. गाणी मी निवडते, तू फक्त भरून दे.”

‘भरून दे’ हा शब्द तिला कळला नाही. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या वाचकांना मात्र तो नक्की कळला असेल.

१९८३ साली मला नोकरी लागली आणि चौथ्या पगारात घरी टू-इन-वन आला. तेव्हा ठाण्यात काय, डोंबिवलीत काय, स्टेशनाबाहेरच्या रस्त्यांवर कॅसेट भरून देणारी दुकानं होती. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून न्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्यानं जाऊन भरलेली कॅसेट आणायची. हा धंदा कायद्यात बसत नव्हता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. त्यातली सुरुवातीची काही सेकंदं नुसत्या पांढऱ्या फितीची, तिच्यावर आवाज उमटत नाही. जुनं गाणं साधारण साडेतीन मिनिटांचं धरलं तर एका बाजूला आठ गाणी, दोन्हीकडे मिळून सोळा. नवव्या गाण्याचा मोह केला की त्याचं शेवटचं कडवं फितीबरोबर संपायचं. माझ्या पहिल्याच कॅसेटमध्ये दुकानदारानं ते नववं गाणं घातलं, तेही मी यादीत न लिहिलेलं. जाब विचारायला गेले तर म्हणाला, “ताई, जागा उरली होती, फुकट दिलंय.” ते अर्धं तुटलेलं गाणं मी वीस वर्षं ऐकलं. आजही रेडिओवर ते लागलं की त्या जागी मी थांबते आणि गाणं पुढं जातं याचं मला नवल वाटतं.

कॅसेटची मागची दोन छोटी प्लास्टिकची जिभळी मोडली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. मोडून पस्तावलो तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची. गुंतलेली फीत पेन्सिलीनं गुंडाळायची. असो. सांगायचा मुद्दा असा, की फोनमध्ये हजार गाणी मावतात हे मला ठाऊक असूनही मी कॅसेटचाच नियम धरला. सोळा गाणी, सतरावं नाही. मर्यादा असली की निवड करावी लागते. नाहीतर तो नुसता साठा होतो.

सोळा गाणी काढायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, की गाण्याला साल लावणं हे बारशापेक्षा अवघड काम आहे. माणसाला एक जन्मतारीख असते (म्हणजे असावी, त्याबद्दल पुढं सांगते). गाण्याला किती? ते बांधलं ते साल, ध्वनिमुद्रित झालं ते साल, तबकडी निघाली ते, चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळालं ते आणि चित्रपट पडद्यावर आला ते. ‘मुगल-ए-आझम’चंच घ्या. मुंबईच्या मराठा मंदिरात तो लागला ५ ऑगस्ट १९६० ला. पण तो पुरा व्हायला दशकाहून जास्त काळ लागला होता. मग त्यातली सगळी गाणी साठ सालची कशी म्हणायची? ‘जिस देश में गंगा बहती है’समोर कुठे १९६० लिहिलेलं असतं, कुठे १९६१. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे कोश केले आहेत, एकेका दशकाचा एकेक खंड. अशा माणसांनी आयुष्य घातलं म्हणून आपल्याला निदान भांडायला तरी आधार आहे. मी माझ्यापुरता कायदा केला: चित्रपट किंवा नाटक लोकांसमोर आलं ते साल. वादातलं गाणं बाद. अपवाद एकही नाही. (एक केला. तो शेवटी.)

आता १९६० हे साल काय होतं म्हणता! ‘मुगल-ए-आझम’ आणि ‘कोहिनूर’, दोन्ही नौशाद. ‘कोहिनूर’मधलं हमीर रागातलं रफींचं गाणं ऐकलं की अजूनही पाठ सरळ होते. ‘बरसात की रात’ला रोशन यांचं संगीत, त्यातल्या रफींच्या गाण्यानं त्या वर्षीच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिला नंबर काढला. शिवाय त्यातली ती लांबलचक कव्वाली, बारा मिनिटांच्या आसपासची. कॅसेटच्या हिशेबात तिला घ्यायचं म्हणजे तीन-साडेतीन गाण्यांची जागा जाणार. दोन दिवस विचार करून ती सोडली आणि अजून जीव हळहळतो. ‘चौदहवीं का चाँद’ रवी यांचा, ‘परख’ सलील चौधरींचा, ‘काला बाज़ार’ आणि ‘बम्बई का बाबू’ सचिनदेव बर्मन यांचे. ‘दिल अपना और प्रीत पराई’ शंकर-जयकिशन यांचा, ‘छलिया’ कल्याणजी-आनंदजींचा. आणि ‘अनुराधा’ला संगीत कोणाचं, तर पंडित रविशंकरांचं! ‘मुगल-ए-आझम’मध्ये बडे गुलाम अली खाँसाहेब गायले. चित्रपटासाठी गायची त्यांची इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी अव्वाच्या सव्वा बिदागी सांगितली आणि के. आसिफ यांनी ती निमूट कबूल केली, अशी कथा सांगतात.

मराठीतही हात आखडता नव्हता. राजाभाऊ परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके या त्रिकुटाचा ‘जगाच्या पाठीवर’ साठ सालचा. विद्याधर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’ रंगभूमीवर आलं ते साठ सालीच, वसंत देसाईंचं संगीत घेऊन. ‘कन्यादान’ चित्रपटही त्याच वर्षीचा, गीतं पी. सावळाराम यांची आणि चाली वसंत प्रभूंच्या. ठाणेकरांना सावळारामांची वेगळी ओळख करून द्यायला नको. ठाण्याचं नगराध्यक्षपद भूषवलेला हा कवी सासरी निघालेल्या लेकींची गाणी अशी लिहून गेला, की कित्येक वर्षं आपल्याकडच्या मांडवांत लाउडस्पीकरवर त्यांच्याशिवाय पाठवणी व्हायची नाही. त्यांच्या नावाचा पुरस्कार ठाणे महापालिका देते. आणि साठ सालचं म्हणून शाहीर साबळे यांच्या आवाजातलं, राजा बढे यांनी लिहिलेलं आणि श्रीनिवास खळे यांनी बांधलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ कसं सोडणार? २०२३ साली ते राज्यगीत झालं. माझ्या शाळेतल्या बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “बघ, तुझ्याबरोबरचं गाणं कुठं पोचलं!”

मी यादी केली आणि घरात तिचा जरा दिमाख मिरवला. मग काय, प्रत्येकाला आपलं साल आठवलं. आमच्या ह्यांचं १९५७. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या घरात त्या दिवसापासून ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’, ‘नया दौर’, ‘दो आँखें बारह हाथ’ अशी नावं माझ्यावर फेकली जाऊ लागली. वर “विविध भारतीसुद्धा ५७ चीच!” म्हणजे ३ ऑक्टोबर १९५७ ला जी सेवा सुरू झाली तीही जणू ह्यांच्या बारशानिमित्त. धाकटा भाऊ १९६४ चा. तो कल्याणहून फोनवर ओरडला, “ताई, ‘संगम’, ‘दोस्ती’, ‘हकीकत’, ‘वह कौन थी’, आणि मराठीत ‘पाठलाग’ न् ‘मत्स्यगंधा’! आहे का उत्तर?” उत्तर नव्हतं. अभिषेकीबुवांनी ‘मत्स्यगंधा’ची पदं केली ते साल ज्याच्या वाट्याला आलं, त्याच्याशी काय वाद घालणार! भाचीचं १९९५. ‘रंगीला’, ‘बॉम्बे’ आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’. मी नाक मुरडणार होते. पण तिनं आठवण करून दिली, की ‘दिलवाले’ वर्षानुवर्षं ज्या मराठा मंदिरात चालला तिथंच पस्तीस वर्षांपूर्वी माझा ‘मुगल-ए-आझम’ लागला होता. “म्हणजे आत्या, आपण एकाच थिएटरच्या.” यावर मी नाक जागेवर आणलं.

हे सगळं चालू असताना मला एक गोष्ट खटकायला लागली होती. आपल्या सालाची म्हणून आपण छातीला लावतो ती गाणी आपण त्या सालात ऐकलेलीच नसतात. मी ‘परख’मधलं गाणं ऐकलं ते आठवीत असताना, शेजारच्या ट्रान्झिस्टरवर. ‘मुगल-ए-आझम’ पाहिला तो कॉलेजात, सकाळच्या खेळाला. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात, की माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढं जास्त उजळ राहतात. त्या हिशेबानं माझी खरी गाणी सत्तरच्या दशकातली. मग साठ सालाची हौस कसली? आपण ज्या घरात आलो ते घर तेव्हा काय ऐकत होतं, याची ती उत्सुकता असावी. आपल्याकडे दिवाळी पहाट असते, गडकरी रंगायतनला, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात, डोंबिवलीत फुले कलामंदिरात. तिथं जुन्या गाण्यांचे कार्यक्रम ऐकताना मला नेहमी वाटतं, की तीच पंचवीस-तीस गाणी फिरून फिरून येतात आणि सगळी सालं एकाच सालाची होऊन जातात. तेव्हा एकच साल धरून खोल उतरण्यात मला गंमत वाटली. पण घर काय ऐकत होतं, हे सांगणार कोण? त्या वर्षी घरात जाणती असलेली एकच व्यक्ती आज आहे. ती म्हणजे आई.

आई कल्याणला खडकपाड्यात भावाकडे असते. शाळेच्या दाखल्याप्रमाणे १ जून १९३७ चा जन्म. जूनच्या एक तारखेला अर्धा महाराष्ट्र जन्मला आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे आणि घरच्यांना आठवायचं नाही, मग मास्तरच जन्मतारीख द्यायचे. आई म्हणते, “मी वसुबारसेची.” कुठल्या वर्षीच्या? “ते दाखल्यावर असेल.” दाखल्यावर जून आहे, तेव्हा साल तरी खरं कशावरून? छत्तीस असलं तर प्रभातचा ‘संत तुकाराम’ तिच्या वाट्याला येतो, सदतीस असलं तर ‘कुंकू’. मी दोन्ही घेतले. ‘कुंकू’मध्ये शांता आपट्यांनी लाँगफेलोची चक्क इंग्रजी कविता गायली आहे, केशवराव भोळ्यांच्या चालीत. सदतीस सालच्या मराठी चित्रपटात इंग्रजी गाणं! शिवाय सैगल यांचा ‘प्रेसिडेंट’. अशी सगळी तयारी करून रविवारी आम्ही खडकपाड्याला गेलो. भाचीनं छोटा स्पीकर टेबलावर ठेवला.

आईचे कान गेली चार-पाच वर्षं कमी होत चाललेत. श्रवणयंत्र आहे. पण त्यातून बोलणं नीट कळतं आणि गाणं मात्र पत्र्यावर वाजल्यासारखं येतं, अशी तिची तक्रार. डॉक्टर म्हणाले, हे कमीच होत जाणार. ही वाढदिवसाची मौज मी इतकी रेटत होते त्यामागचं खरं कारण हे होतं. तिला जे ऐकवायचं ते आत्ताच ऐकवायला हवं, हे आम्ही बहीण-भाऊ बोलून दाखवत नव्हतो, इतकंच.

आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “छान आहेत. पण ही माझ्या आईच्या वेळची. सैगल आवडायचा तो माझ्या काकांना. मी पाळण्यात होते, मला कोण सिनेमा दाखवणार?” ‘तुकाराम’ तिनं पाहिला तो महाडला, दहा-अकरा वर्षांची असताना, तंबूत. वैकुंठगमनाच्या वेळी बायकांनी हात जोडले होते एवढं तिला आठवतं. “माझी गाणी म्हणशील तर गीतरामायण. अठराची होते मी.” हे आम्हाला ठाऊक होतं. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि वर्षभर छप्पन्न गाणी झाली. महाडला ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या ओटीवर गाव जमायचं आणि गाणं लागण्याआधी रेडिओला हार घालायचे, हे आईनं शंभरदा सांगितलं आहे.

तेव्हा मी माझी यादी काढली. “बरं, हे सांग. मी झाले त्या वर्षी आपल्याकडे यातलं काय लागायचं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे? रेडिओ होता ना आपल्याकडे?”

“होता. पण आजोबा गेले ना चैत्रात.”

मला आजोबा साठ साली गेले हे माहीत होतं. पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. डोंबिवलीची चाळीतली दोन खोल्यांची जागा. हप्त्यानं घेतलेला वाल्व्हचा रेडिओ फळीवर. पोस्टातून त्याचा परवाना काढावा लागायचा आणि दर वर्षी पैसे भरावे लागायचे. आजोबा गेल्यावर आजीनं त्या रेडिओवर आजोबांचं उपरणं टाकलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात गोडधोड नाही, सण नाही, रेडिओ नाही. बातम्यासुद्धा नाहीत, बाबा ऑफिसातून येताना पेपर आणायचे. त्याच चैत्रा-वैशाखात राज्य आलं. सगळीकडे रोषणाई झाली आणि आमच्या दारात पणतीदेखील लागली नाही. आई तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. म्हणजे माझं ते सोन्याचं साल, नौशाद, रोशन, रविशंकर आणि सुधीर फडक्यांचं साल, आमच्या घरात उपरण्याखाली झाकलेलं होतं. माझी सोळा गाणी हातात घेऊन मी जरा वेळ गप्प बसले.

भाची मात्र यादीतली गाणी वाजवतच होती. तिला वाटलं असावं, आजीला निदान आत्ता तरी ऐकू देत. ‘अनुराधा’मधलं लताबाईंचं एक गाणं सुरू झालं. सुरुवातीचं वाद्यवृंदाचं संपायच्या आत, लताबाईंनी तोंड उघडायच्या आधी, आई गुणगुणायला लागली. बरोबर त्या सुरावर. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. पहिली ओळ झाली आणि आईनं भुवया उंचावल्या. “याचे शब्द हे होते होय?”

चाल पाठ, शब्द ठाऊक नाहीत. असं कसं?

“भिंतीतून शब्द कुठं येतात!” आई म्हणाली.

आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांमध्ये अर्ध्या विटेची भिंत होती. पलीकडच्या काकूंचा रेडिओ पूर्वी खिडकीपाशी असायचा, कारण एरियलची तार तिथूनच आत यायची. आजोबांच्या तेराव्यानंतर कधीतरी तो तिथून हलला आणि आमच्या सामाईक भिंतीला लावलेल्या फळीवर आला. त्यासाठी काकूंनी खोलीभर जास्तीची तार ओढून घेतली होती. आईला हे कळलं ते पुष्कळ नंतर, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेली तेव्हा. फळी नवी होती आणि तार नवी होती. “आवाजही जरा मोठाच ठेवायच्या. त्यांच्या सासऱ्यांना कमी ऐकू यायचं म्हणून, असं सगळ्यांना सांगायच्या. त्यांचे सासरे चांगले खडखडीत होते कानानं.”

दुपारी विविध भारती, बुधवारी रात्री आठला सिलोनवरून गीतमाला. शब्द भिंतीतच अडायचे. सूर आणि तबला तेवढा अलीकडे यायचा. अमीन सयानींचं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. आई बुधवारी आठ वाजता गहू निवडायचं ताट घेऊन भिंतीशी बसायची. “तू पोटात होतीस. पाठ दुखते म्हणून टेकून बसले तर कोण काय म्हणणार?” मधेच लोकल गेली की आख्खं कडवं बुडायचं. रुळ अगदी जवळ होते. त्यामुळं काही गाणी आईला अर्धीच माहीत आहेत, आणि पुढं कित्येक वर्षांनी तीच गाणी पूर्ण ऐकली तेव्हा मधला भाग कोणीतरी नवा घातल्यासारखा वाटला. (माझ्या त्या तुटक्या नवव्या गाण्याची मला आठवण झाली. हे घराण्यातच दिसतंय.)

“आणि आजी?” भावानं विचारलं. “तिला चालायचं?”

“त्या काय बोलणार? बुधवारी त्यांच्या वाती संपलेल्या असायच्या. आठ वाजता कापूस घेऊन त्यासुद्धा भिंतीशीच.”

सासू आणि सून, एक वाती वळतेय, एक गहू निवडतेय, दोघींच्या पाठी भिंतीला, आणि दोघींपैकी कोणीच कबूल करत नाही की आपण गाणं ऐकतोय! वर्षश्राद्ध झालं, उपरणं निघालं, रेडिओ सुरू झाला. काकूंचा रेडिओ काही दिवसांनी पुन्हा खिडकीत गेला. त्यावर दोन्ही घरांत कधी एक शब्द बोलला गेला नाही. पुढं आम्ही चाळ सोडली, काकूही गेल्या.

“तू त्यांना कधी म्हणाली नाहीस काही?” मी विचारलं.

“काय म्हणणार? आभार मानले असते तर वर्षाच्या आत गाणी ऐकली, हे कबूल केल्यासारखं झालं असतं. सासूबाईंनाही अडकवलं असतं त्यात.” मग जरा थांबून म्हणाली, “त्यांच्या थोरलीच्या लग्नात पाच दिवस राबले मी. कळलं असेल त्यांना.”

‘अनुराधा’ आईनं कधी पाहिलेला नाही. भाचीनं तिला गोष्ट सांगितली. लग्नाआधी नावाजलेली गायिका, गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरशी लग्न करते आणि संसारात तिचं गाणं बंद पडतं. आईनं त्यावर काही म्हटलं नाही. ती वाटाणे सोलत होती, सोलत राहिली. गाणं मात्र तिनं पुन्हा लावायला सांगितलं, शब्द कळावेत म्हणून.

त्या रात्री ठाण्याला परत येताना गाडीत मी यादी खोडायला घेतली. गर्दी नव्हती, बसायला मिळालं होतं. डोंबिवली गेल्यावर पेन बाहेर काढलं आणि मुंब्र्याच्या खाडीपर्यंत निम्मी नावं गेली. जी गाणी केवळ भारी म्हणून घेतली होती ती काढली. भावावर आणि ह्यांच्यावर कुरघोडी करायला घेतलेलं शास्त्रीय बाजाचंही काढलं. दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी आईला फोन. मी एकेक चाल गुणगुणायची, ती ‘ही आली होती’ किंवा ‘ही नव्हती’ असं सांगायची. फोनवर आणि तेही माझ्या आवाजात. तिला काय ऐकू गेलं असेल देव जाणे. पण ती अगदी ठामपणे निकाल द्यायची. ‘चौदहवीं का चाँद’ आलं होतं. ‘बरसात की रात’ आलं होतं, “पुष्कळदा.” ‘मुगल-ए-आझम’मधलं एक आलं, एक नाही. ‘जगाच्या पाठीवर’मधलं एक आलं होतं आणि त्याला आजीनं मान डोलावली होती, म्हणे. ‘कन्यादान’ भिंतीतून आलं नव्हतं. पण सावळारामांचं पाठवणीचं गाणं तिनं ठेवायला लावलं. कारण विचारलं तर, “असू दे.” राज्यगीताबद्दल ती म्हणाली, “ते भिंतीतून नव्हे, रस्त्यावरून आलं.” ते ठेवलं.

अपवाद सांगते म्हटलं होतं. सोळावं गाणं १९६० चं नाही. ते गीतरामायणातलं आहे, पंचावन्न सालचं. त्या वर्षभरात, घरात कोणी नसताना, आई ते माझ्यासाठी म्हणायची. म्हणजे पोटातल्या मला. माझ्या जन्मसालात मी खात्रीनं ऐकलेलं असं ते एकच. माझ्या कायद्यात ते कुठंच बसत नाही.

वाढदिवस खडकपाड्यालाच केला. भाचीनं सोळा गाणी भरली होती, क्रम माझा. पहिली आठ झाली की मधे क्षणभर शांतता ठेवायला लावली, कॅसेट उलटी करायला लागते तेवढी. केक झाला, आईनं ओवाळलं. मग भाचीनं स्पीकर आईच्या जवळ ठेवला आणि आवाज मोठा केला. आईनं हात केला. “बंद कर. असा नव्हता येत.”

मग तिच्या सांगण्यावरून स्पीकर आतल्या खोलीत गेला. भावानं तो भिंतीलगत कपाटावर ठेवला आणि दार ओढून घेतलं. आई उठली, खुर्ची सरकवून भिंतीशी आली, श्रवणयंत्र काढून तिनं माझ्या हातात दिलं आणि पाठ टेकून बसली. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले. आत गाणं सुरू झालं होतं. मला सूर येत होते, शब्द नाहीत. तिला काही ऐकू येत होतं का, मला सांगता येणार नाही. भाचीनं दारातून डोकं बाहेर काढून खुणेनं विचारलं, येतंय का? वाढवू का आवाज?

आईनं डोळे न उघडता मान हलवली. “थांब जरा,” ती म्हणाली, “गाडी जाऊ दे.”